लस मिळाली, सिरम मिळाले का?

(कापणीच्या सणानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



तुम्ही या सणाला जे अर्पण देता, त्यातून पाड्यांवर काय काम होते ते सांगण्यासाठी मला बोलावले आहे. बी-बियाणे, मुलांची पुस्तके, शिवणवर्ग यांची माहिती अहवालात आहेच. आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. कुत्रा चावल्यावर द्यायच्या एका औषधाविषयी. सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण पाड्यावर घरापुढे कुत्रा असतो, मुले त्याच्याशीच खेळतात, आणि मोठा दवाखाना दोन-तीन तासांच्या वाटेवर असतो.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन पाळतात. लुई पाश्चर यांचे १८९५ साली त्या दिवशी निधन झाले. त्यांनी १८८५ च्या जुलैमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. म्हणजे लस येऊन एकशे चाळीस वर्षे झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. जे करायचे ते त्याआधीच करावे लागते.

पुष्कळ लोकांना वाटते, लस टोचली की काम झाले. खोल जखमेत तेवढ्याने भागत नाही. त्याचे कारण समजून घेऊ या.

जनावराच्या लाळेतून विषाणू जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लस शरीराला त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण ती तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पेरले म्हणून दुसऱ्या दिवशी कापणी होत नाही. पीक हाती येईपर्यंत घरात दाणा नसेल तर आपण शेजाऱ्याकडून उसने आणतो. सिरम म्हणजे असे उसने आणलेले धान्य. त्यात तयार प्रतिपिंडे असतात. ती जखमेतच सोडतात, म्हणजे विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी दारातच अडतो. पुढे लसीचे पीक येते आणि शरीर स्वतःच्या बळावर उभे राहते.

याचा पुरावा इराणमधल्या एका गावाने दिला. १९५४ साली एका पिसाळलेल्या लांडग्याने तिथे २९ जणांना चावे घेतले. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना फक्त लस मिळाली. त्यांतले तिघे गेले. ज्यांना लसीबरोबर सिरमही मिळाले, त्यांच्यातला एकच गेला. तेव्हापासून जगभर गंभीर चाव्याला दोन्ही द्यावीत असे ठरले.

हे सिरम पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढत, आजही काढतात. घोड्याच्या सिरमची काहींना रिअॅक्शन येते, म्हणून दिल्यावर थोडा वेळ दवाखान्यात थांबवून ठेवतात. माणसाचे महाग असते. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेली प्रतिपिंडेही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे असे औषध २०१७ पासून भारतात उपलब्ध आहे. त्याला ना घोडा लागतो, ना रक्तदाता.

सिरम कुणाला लागते? दात किंवा नख लागून रक्त आले असेल, जनावराने उघड्या जखमेवर चाटले असेल, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर. कुत्र्याचे पिल्लू असो, मांजर असो, माकड असो. गरोदर बाईलाही ते देता येते. ज्याने पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतला आहे त्याला सिरम लागत नाही, पण लसीचे डोस पुन्हा घ्यावे लागतात.

आता पाड्यावर काय घडते ते सांगते. एका सहा वर्षांच्या मुलीच्या गालाला कुत्रा चावला. आई तिला कडेवर घेऊन जवळच्या केंद्रात गेली. लस मिळाली, सिरम तिथे नव्हते, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. आई मला म्हणाली, "सुई झाली ना ताई, आता घरी जाऊ द्या. धाकटं पोर घरी एकटं आहे." जीप भाड्याने घ्यायला तिच्याजवळ पैसे नव्हते, आणि त्या दुसऱ्या सुईची गरज तिला कुणी समजावून सांगितली नव्हती. धाकट्याला शेजारणीकडे ठेवले, आशाताईने फोन करून औषध आहे याची खात्री केली, आणि आम्ही निघालो. रात्री नऊ वाजता त्या गालात सिरम गेले. मुलगी आज आश्रमशाळेत आहे.

दुसऱ्या एका पाड्यावर एका तरुण बापाला पिल्लू चावले होते. हाताला लहानशी जखम. त्याने पाला बांधला आणि कामावर गेला. आम्हाला कळले तेव्हा त्याला पाणी गिळवत नव्हते. त्याच्या बायकोजवळ बसण्यापलीकडे कुणाला काही करता आले नाही.

बंधुभगिनींनो, चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने आधी जखमेकडे पाहिले, मग त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, मग उतारशाळेत नेऊन खर्च केला आणि पुन्हा येईन असे सांगितले. आमचे कामही याच क्रमाने चालते.

पहिले, जखम. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. शोमरोन्याने तेल ओतले होते, आपण ओतायचे नाही! तेल, हळद, चुना, मिरची, काही नको. भगताशी आम्ही भांडत नाही. त्याला सांगतो, "बाबा, तुमच्याकडे माणूस आला की आधी धुवायला लावा, मग दवाखान्यात पाठवा." पुष्कळ भगत ऐकतात. आपल्यातही कुणी म्हणते, प्रार्थना केली, आता कशाला सुई? मी म्हणते, प्रार्थना करा, आणि ती गाडीत बसून करा.

दुसरे, वाट. सिरम लसीच्या पहिल्या डोसाबरोबरच मिळावे. त्या दिवशी नाही मिळाले, तरी त्या डोसापासून सात दिवसांच्या आत देता येते. म्हणून "इथे नाही" असे ऐकून घरी परतू नका. कुठे आहे ते विचारा. आणि दिल्यावर विचारा, "जखमेत दिले का?" ते जखमेत आणि तिच्याभोवती जायला हवे, नुसते दंडात टोचून उपयोग नाही.

तिसरे, परत येणे. सरकारी दवाखान्यात लसीचे डोस साधारण ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असतात. दिवाळीनंतर आमची माणसे वीटभट्टीवर जातात आणि शेवटचा डोस राहतो. म्हणून कार्ड बरोबर ठेवायला सांगतो. दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही डोस घेता येतो. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले, हेही सांगतो. त्या भीतीने अजून लोक लपून राहतात.

सरकारी रुग्णालयात ही लस आणि सिरम मोफत मिळतात. खर्च असतो तो गाडीचा, बुडालेल्या मजुरीचा, शहरातल्या एका रात्रीचा. तुमच्या अर्पणातला एक वाटा याच कामी येतो. पण पैशांहून जास्तही मी मागते आहे. आपल्या मंडळ्यांत नर्स भगिनी पुष्कळ आहेत. रात्री आमचा फोन आला, तर तुमच्या रुग्णालयात सिरम आहे की नाही एवढे पाहून सांगा. जे मोठ्या रुग्णालयाजवळ राहतात, त्यांनी एखाद्या आईला आणि लेकराला एक रात्र ओसरीवर जागा द्या.

सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. ज्यांना हे जमेल त्यांनी नाव आणि फोन लिहावा. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.