‘त्याने काहीतरी केलेच असेल’
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. जन्मभर शाळामास्तरकी केलेला मी, ती हकीकत एका शिक्षिकेच्या चरित्रावरून सांगतो.

आयडा वेल्स यांचा जन्म १८६२ साली मिसिसिपी राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी झाला. १८६५ साली दास्य कायद्याने नष्ट झाले. १८६८ साली नागरिकत्व आणि १८७० साली पुरुषांस मताधिकार मिळाला. पण १८७७ साली केंद्राचे सैन्य दक्षिणेतून निघून गेले आणि हे हक्क बहुतांशी कागदावरच राहिले. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आईबाप गेले. भावंडांच्या पोटासाठी आयडाबाई शिक्षिका झाल्या. पुढे मेम्फिस शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुर्दशा त्यांनी वृत्तपत्रात मांडली, तेव्हा १८९१ साली त्यांची नोकरी गेली.

१८९२ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही टॉमस मॉस व त्यांचे दोन सोबती यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. मॉस पोस्टमन होते. त्यांनी भागीदारीत काढलेले किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदारास खुपत होते. तंट्याचे मूळ तेथे होते.

अशा हत्या स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्या नराधमांच्याच होतात, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जाई. खुद्द आयडाबाईंनीही ते खरे मानले होते. परंतु मॉस कसे गृहस्थ होते, हे त्या जाणून होत्या. त्यांनी एकेका हत्येची चौकशी केली आणि गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील आकडे मांडून दाखविले की, बहुतेक प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. त्या परगावी असताना त्यांच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. परत याल तर प्राणास मुकाल, अशा धमक्या आल्या. बाईंची लेखणी थांबली नाही.

अशा झुंडहत्यांविरुद्ध राष्ट्रीय कायद्याचे पहिले विधेयक १९०० साली अमेरिकन काँग्रेसपुढे आले. कायदा झाला २०२२ साली. आयडाबाई १९३१ सालीच निवर्तल्या होत्या.

बंधुभगिनींनो, कोणाचा बळी गेला की ‘त्याने काहीतरी केलेच असेल’ हे वाक्य आपल्याही तोंडून सहज निघते. ते उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि चौकशी करावी. मुलांस आपण वाचणे, लिहिणे, मोजणे शिकवितो, ते केवळ नोकरीसाठी नव्हे, यासाठीही आहे.