टाइल्सच्या आधी पाणी!

आज बोलूया शॉवरच्या कोपऱ्याबद्दल. सगळे आधी टाइल्सचा रंग निवडतात. मी म्हणतो, आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा. टाइल्स आणि सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत. अडवतं ते खालचं वॉटरप्रूफिंग. ते भिंतीवरही शॉवरच्या उंचीपर्यंत घ्या. उतार जाळीकडे, मीटरमागे १.५ ते २ सेंटिमीटर. वॉटरप्रूफिंग नीट वाळलं की जाळी बंद करून २४ तास पाणी साठवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. मिस्त्री म्हणेल, "कशाला? गळत नाही हो!" तरी बघाच. आत्ता ओल दिसली तर दोन दिवस जातील. टाइल्स लागल्यावर दिसली तर सगळं फोडावं लागेल, आणि खालच्या काकू बोलायच्या बंद होतील ते वेगळंच! भेटूया पुढच्या भागात.