दार उघडण्याआधी नदीची पातळी



अंबाबाईच्या आणि शाहू महाराजांच्या या कोल्हापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

हृदयाच्या डॉक्टरांच्या परिषदेला पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर स्वागताध्यक्ष कसा, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला इथूनच वाचता येतोय. तो मलाही पडला होता. संयोजन सचिव घरी आले आणि म्हणाले, “काका, यंदाचा विषय हृदयाच्या डाव्या बाजूला तुंबलेला दाब आणि तो उतरवायला आत बसवायची उपकरणं असा आहे. दाब, पातळी, विसर्ग हे सगळं तुमच्याच खात्यातलं. तुम्हीच बोला.” जाताना शोधनिबंधांचा एक गठ्ठा ठेवून गेले. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सभागृहात डॉक्टर नसलेलेही बरेच आहेत, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात येतं आणि तिथून खालच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा कमजोर झाला, किंवा त्याची भिंत ताठर होऊन तो नीट सैलावेनासा झाला, की वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, दाब वाढतो आणि त्याचा फुगवटा मागं फुप्फुसांपर्यंत जातो. मग जिना चढताना धाप लागते, रात्री उशाखाली एकावर एक उशा येतात, शेवटी माणूस बसूनच झोपतो. यातला ताठर भिंतीचा प्रकार फार फसवा. इकोच्या रिपोर्टवर ईएफ, म्हणजे हृदयाच्या आकुंचनाचा आकडा, साठ टक्के येतो, घरचे म्हणतात रिपोर्ट तर नॉर्मल आहे, आणि आजी मात्र देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना दोनदा थांबते. बसल्या जागी या रुग्णाचा दाब ठीक वाटतो. पायडल मारायला लावलं की तो पाऱ्याच्या पंचवीस मिलिमीटरच्या वर जातो.

आता माझ्या खात्यातलं उदाहरण, राधानगरीचं धरण. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतो, शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधायला घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दार आपोआप उचललं जातं, उतरलं की आपोआप बसतं. वीज लागत नाही, की चाकावर माणूस लागत नाही. पावसाळ्यात “राधानगरीचे दरवाजे उघडले” ही बातमी आली की धरण सुरक्षित असतं. पण त्याच बातमीनं कोल्हापूरकर दुसरा आकडा विचारतो, खाली राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा नदी किती फुटांवर? एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. नदी तीस फुटांवर असेल तर दारं उघडल्याचा कुणालाच त्रास नाही. ती आधीच बेचाळीसला असेल, तर धरणाची सुटका ही नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची अडचण होते.

तुमच्या उपकरणांचं नेमकं हेच आहे, असं तो गठ्ठा वाचून माझं मत झालं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक पाडायचं आणि ते बुजू नये म्हणून त्यात धातूची चौकट बसवायची. जांघेतल्या शिरेतून नळी घालून हे होतं, छाती उघडावी लागत नाही. एका अमेरिकी कंपनीच्या, कॉर्व्हियाच्या, उपकरणाचं भोक ८ मिलिमीटरचं. इस्रायलमध्ये जन्मलेल्या व्ही-वेव्हच्या व्हेंचुरा शंटचं तोंड दोन्हीकडं पसरट आणि मधली वाट ५ मिलिमीटरच्या आसपास. डावीकडचा जादा दाब उजवीकडं निघून जातो. फरक एवढाच की राधानगरीचं दार पाणी उतरलं की बसतं. हे दार एकदा उघडलं की उघडंच. दिवसरात्र, गरज असो वा नसो. माझ्या खात्यात असं डिझाइन घेऊन कुणी आलं असतं तर मी पहिला प्रश्न खालच्या नदीचा विचारला असता.

कल्पना मात्र बुद्धिमान आहे, आणि तिची मुळं जुनी आहेत. १९१६ साली रने ल्युतांबाशे या फ्रेंच डॉक्टरनं एकसष्ट वर्षांच्या एका बाईचं वर्णन केलं. तिची डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप आकसलेली होती आणि पडद्याला जन्मजात भोकही होतं. इतकी खराब झडप असूनही ती एवढं जगली, सात गर्भारपणं निभावली. झडपेमुळं तुंबणारा दाब त्या भोकातून वाट काढत होता. पुढं १९६६ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी निळ्या पडलेल्या नवजात बाळांच्या पडद्यातून फुगा ओढून मुद्दाम भोक पाडलं आणि शस्त्रक्रिया न करता बाळं जगवली. आपल्याकडंही चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमधल्या डॉक्टरांनी फुप्फुसांच्या धमन्यांचा दाब अतोनात वाढलेल्या रुग्णांत ठरावीक मापाचं भोक ठेवणारं उपकरण वापरलं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तिथं तुंबारा उजवीकडं होता, म्हणून प्रवाहही उलटा.

तर मग ताठर हृदयाच्या रुग्णांनाही हाच दिलासा का देऊ नये? २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, कॉर्व्हियाच्या उपकरणाच्या ६४ रुग्णांवरच्या सुरुवातीच्या अभ्यासात चित्र आशादायक होतं. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. त्यानंतर मोठी चाचणी झाली, ६२६ रुग्णांची. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. निम्म्यांना उपकरण बसवलं, निम्म्यांना कॅथलॅबमध्ये नेऊन सगळा सोपस्कार केला पण उपकरण बसवलं नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही. शेवटी दोन्ही गट सारखेच निघाले. खोलात गेल्यावर कळलं की ज्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या व्यायामाच्या वेळी सैल होत नव्हत्या, त्यांचं उपकरणानं नुकसान झालं. म्हणजे पंचगंगा आधीच बेचाळीस फुटांवर, आणि आपण वरून दार उघडलं.

दुसरी चाचणी व्हेंचुरा शंटची, ५०८ रुग्णांची, २०२४ मधली. तिनं मला जास्त विचारात पाडलं. बसवण्याची क्रिया सुरक्षित ठरली. एकूण निकाल पुन्हा शून्य. पण पोटात दोन उलटी उत्तरं लपलेली. ज्यांच्या हृदयाचं आकुंचन कमजोर होतं त्यांच्यात मृत्यू, रुग्णालयात भरती यांसारख्या घटना कमी झाल्या. ज्यांचं आकुंचन चांगलं पण भिंत ताठर, त्यांच्यात त्या वाढल्या. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, आणि दोघांची बेरीज केली तर हाती काहीच नाही. एकूण निकाल शून्य असताना उपगटांतून निघालेल्या उत्तरावर लगेच इमारत उभी करू नये, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तरी त्याच वर्षी जॉन्सन अँड जॉन्सननं व्ही-वेव्ह विकत घेतली. बाजार थांबत नसतो.

याच चाचणीतली आणखी एक गोष्ट मला परिषदेपुढं ठेवायची आहे. “आता कसं वाटतं?” या प्रश्नाला दोन्ही गटांनी सारखंच उत्तर दिलं. उपकरण मिळालेले म्हणाले, खूप बरं वाटतं. न मिळालेलेही तेच म्हणाले. खोट्या प्रक्रियेचा गट नसता, तर साऱ्या बरेपणाचं श्रेय त्या धातूच्या तुकड्याला गेलं असतं. आपल्याकडं हा धोका जास्त. उपचाराचे पैसे रुग्णाच्या खिशातून जातात, कधी उसाचं बिल येण्याआधी उसनवारी करून. एवढे पैसे भरलेला माणूस डॉक्टरांपुढं बसून “काहीच फरक नाही” असं म्हणेल का? सौजन्यापोटी म्हणणार नाही, आणि स्वतःच्या मनाची समजूत काढण्यासाठीही म्हणणार नाही. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा फोटो स्लाइडवर लावून कुणी परिणाम सिद्ध केला, तर समोरच्या तरुण मुलांनी उठून प्रश्न विचारावा. स्वागताध्यक्ष म्हणून मी त्याला उद्धटपणा मानणार नाही.

पडदा भेदण्याचं कसब आपल्याकडं कमी नाही. सांधेतापानं झडपा आकसलेले रुग्ण या भागात पिढ्यान्‌पिढ्या येत आले. जपानचे कांजी इनोई यांनी फुग्याची पद्धत आणल्यावर इथल्या कॅथलॅबमध्ये पडदा ओलांडून झडप रुंद करणं नित्याचं झालं. उणीव आहे ती मोजण्याची. रुग्णाला पायडल मारायला लावून उजव्या हृदयातला आणि फुप्फुसांतला दाब मोजायचं काम किती ठिकाणी होतं? वेळखाऊ आहे, बिल छोटं, त्याची बातमीही होत नाही. मोजमापाला किती मोल आहे, हे २०११ च्या चॅम्पियन चाचणीनं दाखवलं. ५५० रुग्णांत अर्ध्यांसाठी फुप्फुसाच्या धमनीत बसवलेल्या, बॅटरी नसलेल्या संवेदकाचे आकडे डॉक्टरांना घरबसल्या मिळत होते. ते पाहून लघवीच्या गोळ्यांचे डोस बदलले, आणि रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या. दाब उतरवला तो गोळीनंच. फक्त पातळी रोज कळत होती.

म्हणून यजमानाच्या अधिकारानं एक मागणी करतो. या दोन दिवसांत जे जे कोणी आपल्या रुग्णांची उदाहरणं मांडतील, त्यांनी उपकरण कुणाला बसवलं हे सांगताना कुणाला नाकारलं आणि का, हेही सांगावं. नाकारलेल्या रुग्णांची यादी कुणी छापत नाही, पण पुढच्या डॉक्टरला तीच जास्त उपयोगी पडेल.

व्यवस्थेबद्दल थोडकं. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे. हृदयविकाराच्या परिषदेत एवढं मीठ आणि तेल कसं, असं विचारू नका. समितीत त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि बहुमतानं रस्सा जिंकला. ज्यांना पथ्य आहे त्यांच्यासाठी भाकरी, ताक आणि कमी मिठाच्या भाज्यांचं टेबल उजव्या हाताला आहे. राहण्याजेवणात काही उणं पडलं तर पिवळे बिल्ले लावलेल्या मुलामुलींना हाक मारा, ही सगळी इथल्याच कॉलेजांतली आहेत आणि सकाळी सहापासून उभी आहेत.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत. अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला सुरुवात करावी, अशी विनंती करतो.