अम्माऊसची वाट
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं झालेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मंदिराच्या भिंती, घंटा आणि वेदी यांचा इतिहास सांगण्याची रीत आहे. तो इतर वक्त्यांनीं सांगितलाच आहे. मला आज एका वाटेविषयीं बोलावयाचें आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायांत ती वाट आपणांस भेटते. पुनरुत्थानाच्या दिवशीं दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नांवाच्या गांवीं निघाले होते. अंतर ६० स्तादी, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ११ किलोमीटर. पंचवीस वर्षांहून अधिक काळ धर्मगुरुपदाची सेवा करतांना या एका कथेनें मला जितकें शिकविलें, तितकें दुसऱ्या कोणत्याहि कथेनें शिकविलें नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, ते दोघे उलट दिशेनें चालले होते. यरुशलेमेकडे, म्हणजे आशेकडेच, त्यांनीं पाठ फिरविली होती. प्रभूनें त्यांना अडविलें नाहीं, कीं मागें फिरा म्हणून आज्ञा केली नाहीं. तो त्यांच्या बरोबरीनें, त्यांच्याच दिशेनें चालूं लागला. आणि सर्व कांहीं ठाऊक असूनहि त्यानें त्यांना विचारलें, आणि त्यांचें दुःख त्यांच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतलें. शास्त्रार्थ त्यानंतर झाला.

हा क्रम सेमिनरींतील वर्गांत कळतो, परंतु उमगतो तो लोकांच्या ओसरीवर. दीक्षा होऊन फार वर्षें झालीं नव्हतीं, तेव्हांची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका घरांतला तरुण मुलगा समुद्रावर गेला, तो परत आला नाहीं. मी सांत्वनास गेलों. त्याची आई मला म्हणाली, "फादर, सगळे सांगतात प्रार्थना कर. पण माझ्या तोंडून शब्दच निघत नाहीं. देव रागावेल काय?" मी तिला म्हणालों, "बाय, तुम्ही कांहीं म्हणूं नका. तुम्ही नुसत्या बसा. तुमच्या वांट्याचें आम्ही म्हणूं." त्या दिवसापासून शेजारच्या बाया रोज संध्याकाळीं तिच्या घरीं जपमाळ म्हणूं लागल्या. ती भिंतीला टेकून मुकी बसे. कित्येक आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळीं 'नमो मरिये'च्या उत्तरार्धाला तिचे ओंठ हलले. कोणी कांहीं बोललें नाहीं; जपमाळ तशीच पुढें चालू राहिली.

बांधवहो, ख्रिस्तसभा म्हणजे काय, हें मला त्या ओसरीवर समजलें. एकाचा श्वास अडला असतां दुसऱ्यानें त्याच्यासाठीं श्वास घ्यावा, तिचें नांव ख्रिस्तसभा. स्तोत्रसंहितेंत विलापाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक शेवटीं आशेकडे वळतात. परंतु ८८ वें स्तोत्र वळत नाहीं. तें अंधारांत सुरू होतें व अंधारांतच संपतें. तरीहि तें पवित्र शास्त्रांत आहे, आणि ख्रिस्तसभेनें तें दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेंत ठेविलें आहे. एखाद्या शुक्रवारीं माझें मन प्रसन्न असलें, तरी तें मला म्हणावेंच लागतें. कारण त्या रात्रीं कोणाच्या तरी घरीं तसाच अंधार असतो. देवाशीं केलेली तक्रार हीहि प्रार्थनाच होय. जो देवाला मानीत नाहीं, तो त्याच्याकडे गाऱ्हाणें घेऊन जात नाहीं.

ऐकून घेतल्यावर मग प्रभूनें त्या दोघांना मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्राचा अर्थ उलगडून सांगितला. आपल्या भूमीवरहि हें कार्य झालें आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं गोमंतकांतच निवर्तले. लोकांची बोली व लोकांची ओवी त्यांनीं आपलीशी केली आणि मग 'क्रिस्तपुराण' रचलें. १६१६ सालीं तें प्रथम छापलें गेलें. लिपी रोमन होती, परंतु वाणी मराठी. पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें संविधान जाहीर केलें आणि देशी भाषांना वेदीपाशीं मोठें स्थान मिळालें. आपल्या काळांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें. इतक्या जणांच्या श्रमांनीं जो ग्रंथ आपल्या घरापर्यंत चालत आला, तो कपाटाच्या कांचेआड राहूं नये. रात्रीं जेवणाआधीं दहा ओळी वाचा. घरांतील लहान मुलाला वाचूं द्या व म्हाताऱ्यांना ऐकूं द्या.

गांव जवळ आलें, तेव्हां प्रभु पुढें जाण्याच्या बेतांत असल्यासारखा दिसला. आग्रह केल्यावांचून तो कोणाच्या घरीं शिरत नाहीं. त्या दोघांनीं त्याला राहण्याचा आग्रह केला. त्यांची प्रार्थना ती एवढीच. आणि भाकर मोडतांच त्यांचे डोळे उघडले. मग रात्र आहे, वाट लांब आहे, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. तीच वाट ते उलट तुडवीत यरुशलेमेला परतले.

त्या दोघांपैकीं एकाचें नांव क्लयपा. दुसऱ्याचें नांव संत लूक देत नाहीं. तें स्थान आपल्यांतील प्रत्येकासाठीं मोकळें आहे, असें मी समजतों.

आज हें मंदिर भरलेलें आहे. तरीहि ज्यांची जागा रिकामी आहे, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. कोणी रुसून गेला, कोणी दुःखानें, कोणी लाजेनें. महोत्सवाचे दिवे उतरल्यावर प्रत्येक कुटुंबानें अशा एका घरीं जावें, अशी माझी विनंती आहे. उपदेश करूं नये. बसावें, विचारावें, ऐकावें. आणि त्यांना शब्द सुचत नसतील, तर त्यांच्या वांट्याची प्रार्थना आपण म्हणावी. वाटेवर आपणांबरोबर तिसरा कोणी चालत असेल. त्याची ओळख कदाचित् उशिरां पटेल. परंतु पटल्यावांचून राहणार नाहीं.

तो प्रभु आपणां सर्वांच्या घरीं मुक्कामास राहो.