हळदीकुंकवाचे बोलावणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली संसारी बाई. मला भाषण करता येत नाही. पण अध्यक्षबाईंनी आग्रह केला, म्हणून माझीच हकीकत सांगते.

मी बत्तीस वर्षांची असताना माझे यजमान वारले. पदरात दोन मुले, घरात सासूबाई. त्या संक्रांतीला मुलीला घेऊन शेजारी हळदीकुंकवाला गेले. कुंकवाचा करंडा माझ्यापुढून तसाच पुढच्या बाईकडे गेला. कोणी वाईट बोलले नाही. पण पुढे सहा वर्षे मी कोणाकडे गेले नाही.

मंडळाच्या शिवणवर्गात शिकले होते, ते उपयोगी पडले. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून घर चालवले. एक गृहस्थ आपल्या आईवेगळ्या मुलीचा गणवेश शिवायला आणीत. एकदा अंगात ताप असताना मी मशीनवर बसले होते. ते म्हणाले, "गणवेश राहू द्या. तुम्ही काही खाल्लेत का?" सासूबाई सोडल्या तर असे मला कित्येक दिवसांत कोणी विचारले नव्हते.

पुढे त्यांनी लग्नाचे विचारले, तेव्हा मी घाबरले. सासूबाईच म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षे कोपऱ्यात काढली. तू काढू नकोस." आज त्या आमच्याकडेच असतात.

त्या दिवसांत बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' वाचले. आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाया पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, तरी मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. मनाशी म्हटले, त्यांनी एवढे सोसले. आपल्याला चार बायका काय म्हणतील एवढेच भय!

लग्नानंतरच्या संक्रांतीला त्याच घरी, त्याच हातांनी मला कुंकू लावले. आनंद व्हायचा, तर डोळ्यांत पाणी आले. मधली सहा वर्षे मी का कोणी दुसरी होते?

प्रत्येकीने पुन्हा लग्न करावे, असे मी म्हणत नाही. पण बाईचा मान त्यावर का असावा? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. आपले तर एवढेसे मंडळ. येत्या संक्रांतीला यादीत प्रत्येकीचे नाव असावे, आणि करंडा कोणापुढूनही तसाच जाऊ नये, एवढीच माझी विनंती.