किल्ली आणि नागमोडी रेघ



मी कवी माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. तरी आज एका संगणकी अवजाराबद्दल बोलणार आहे, कारण ते माझ्या कवितांपायीच तयार झालं.

पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटमध्ये टाइप व्हायचा. प्रत्येक फाँटची आतली मांडणी वेगळी. पुढे युनिकोड रुळलं आणि मी जुन्या फायली उघडल्या, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी! दोन संग्रहांच्या कविता त्यात अडकल्या होत्या. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने रात्री जागून त्या सोडवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. 'दिवस' लिहिताना जुन्या फाँटमध्ये आधी वेलांटी साठवली जाई, मग द. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. 'सूर्य'मधल्या रफाराचं नेमकं उलट. हे सगळे नियम त्याने एकेक करून बसवले.

मग त्याने तो प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. खुला म्हणजे केवळ फुकट नव्हे. तो आतून कसा चालतो ते कुणीही पाहावं, बदलावं, पुढे द्यावं. आपल्या पुण्याला हे नवं नाही. रेड हॅट या कंपनीने २००४ साली 'लोहित' हे भारतीय लिपींचे फाँट खुले केले. ते पुरवले होते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने. २०११ साली त्यांना खास फाँटसाठी केलेला खुला परवाना मिळाला. ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, अशा माणसांनी सांभाळलेल्या अक्षरांतून आपण लिहीत-वाचत असतो.

भाच्याचं अवजारही असंच पसरलं. इतर प्रोग्रॅमर मंडळींनी ते आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवलं. पण लोकांच्या तक्रारी, दुरुस्त्या, नव्या फाँटची मागणी हे सगळं एकटा भाचाच पाहत होता, तेही नोकरी सांभाळून. त्यात घरी बाळ आलं. एका रविवारी तो म्हणाला, "मामू, आता नाही होत. एक जण मागतोय. देऊन टाकू?"

मी म्हटलं, "दे की. चांगलंच आहे."

तेव्हा त्याने मला एक हकीकत सांगितली. एक्सझेड नावाचं एक अवजार आहे. फायली दाबून लहान करण्याचं त्याचं काम. जगभरच्या लिनक्स यंत्रणांमध्ये ते असतं. फिनलंडमधले लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होते. थकले होते, २०२२ साली त्यांनी आपल्या मानसिक तब्येतीबद्दल उघडपणे लिहिलंही होतं. त्याच काळात काही अनोळखी नावांनी तगादा लावला, की काम फार संथ चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. आणि मदतीला 'जिया टॅन' हे नाव हजरच होतं. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले. २०२४च्या सुरुवातीला त्याने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा दडवला. तो सगळीकडे पोचला असता, तर असंख्य संगणकांत शिरायची वाट मोकळी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आली. त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगजाहीर केलं. 'जिया टॅन' या नावामागे कोण होतं, ते अजूनही उजेडात आलेलं नाही.

मी गप्प झालो. घरी जाताना विधी महाविद्यालय रस्त्यावर भांडारकर संस्थेची पाटी दिसली आणि विचार सुरू झाला. तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. १९४३ साली ते गेले. काम थांबलं नाही. बेलवलकरांनी ते उचललं, त्यांच्यानंतर प. ल. वैद्यांनी, आणि १९६६ साली ते पूर्ण झालं. हे कसं साधलं? सुकथनकरांनी १९३३च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली सारी रीत लिहून ठेवली होती: हस्तलिखितं कशी लावली, पाठ कोणत्या कसोटीवर निवडला. न घेतलेले पाठही खाली टिपांत दिले. आणि जिथे पाठाची पुरती खात्री नाही, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ!

त्या रेघेपाशी मी अडखळलो. आपण वारसाला किल्ली देतो, कौतुक सांगतो. आपल्याला कुठे खात्री नव्हती, ते मात्र सांगत नाही. आणि नेमका तिथेच पुढच्याचा पाय घसरतो.

भाच्याला फोन केला. म्हटलं, "बेटा, आधी तुझ्या नागमोडी रेघा लिहून काढ. मग बघ, त्यांच्याकडे कोण लक्ष देतं." त्याने यादी केली. अठरा कलमं निघाली. मागणाऱ्या गृहस्थांनी एकदाच विचारलं, "पासवर्ड कधी देता?" ते वाईटच असतील असं नाही. घाईत असतील. पण नांदेडची एक मुलगी दोन वर्षं मुकाट्याने चुका कळवत होती. तिने त्यातली चार कलमं महिन्याभरात सोडवली आणि पाचव्यावर लिहिलं, "हे मलाही कळलेलं नाही." भाच्याने तिलाच विचारलं. तिची अट एकच: वर्षभर तुम्ही सोबत राहायचं.

आपल्या मराठीतला 'अनामत' हा शब्द मूळच्या 'अमानत'वरून आला. विश्वासाने ठेवलेली वस्तू. अमानत घेणाऱ्याची असते, तशी ती वापरणाऱ्यांचीही जबाबदारी असते. लासे कॉलिन एकटे थकत होते, तेव्हा त्यांचं अवजार वापरणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी कुणी हात दिला असता, तर अनोळखी हाताची गरज पडली नसती. मीही इतकी वर्षं भाच्याचं अवजार वापरलं. एकही चूक कधी कळवली नाही.

परवा त्या मुलीची पहिली चिठ्ठी आली. "तुमच्या मामूंच्या एका कवितेत 'वाऱ्यावर'ऐवजी 'वार्यावर' येतंय. चूक प्रोग्रॅमची की मूळची?"

जुना संग्रह काढून पाहिला. छापलंयही तसंच. चूक माझी होती. तिला तसं कळवलं, आणि पुस्तकात त्या शब्दाखाली पेन्सिलीने एक नागमोडी रेघ ओढली.