आधी वजन करा



आपल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे मनापासून आभार. १९५८ साली सुरू झालेल्या इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकलो आणि याच शहरात दवाखाना चालवत म्हातारा झालो. आयोजकांनी मला ‘पाळीव प्राण्यांच्या चिकित्सेची वाटचाल’ असा विषय दिला आहे. लसी आल्या, सोनोग्राफी आली, हाडांच्या शस्त्रक्रिया नागपुरात होऊ लागल्या. ही प्रगती तुम्ही रोज पाहता. मी मात्र कुत्र्यांच्या संधिवातापाशी थांबणार आहे, कारण गेली अनेक वर्षं एक गोष्ट माझ्या मनात साचली आहे.

आपण कुत्र्याचं वजन करत नाही.

दवाखान्यात लॅब्राडोर येतो. उठताना मागचे पाय ओढतो, जिना टाळतो. मालक म्हणतात, “वय झालं ना डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन मारून द्या.” आपण अंदाजे तीस किलो लिहितो आणि स्टेरॉइड देतो. दोन दिवस कुत्रा धावतो, आपलं नाव होतं. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा टेबलावर असतो, आणखी जड होऊन, कारण स्टेरॉइडनं भूक वाढते. म्हातारपण हा आजार नाही, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो आणि दवाखान्यात विसरतो.

मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१. किलो माहीत नसतील तर हा हिशेब कशाचा करता? धरमपेठेतून माझ्याकडे एक मादी आली होती. घरच्यांनी मेडिकलमधून माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, वर कुठेतरी स्टेरॉइडही टोचून घेतलं होतं. माझ्यापर्यंत पोहोचली तेव्हा विष्ठा डांबरासारखी काळी पडलेली, हिरड्या पांढऱ्या. ती वाचली नाही. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र गेलं की आतड्याला भोक पडू शकतं, हे या सभागृहात कुणाला नवीन आहे? तरी दोन्हीच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतच राहतात.

सकाळच्या सत्रात संधिवातावरच्या स्टेम सेल उपचारांवर चांगली चर्चा झाली. ग्लुकोसामीन द्यावं की नाही, यावर आवाजही चढले. माझं उत्तर अजनीच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी आहे. त्यांचा लॅब्राडोर चव्वेचाळीस किलोंचा होता. घरात तीन पिढ्या, प्रत्येकाच्या ताटातून त्याला पोळी, वर दूध-बिस्किटं. मी कोणतंही महाग औषध दिलं नाही. मोजून मेलॉक्सिकॅम दिलं आणि आजींच्या हातात एक वाटी दिली: जे काय खायचं ते या वाटीतून, दिवसातून दोनदा. फरशीवर जुनी सतरंजी अंथरली, कारण गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकत होते. हळूहळू वजन उतरलं. छत्तीसवर आला तेव्हा औषध एक दिवसाआड पुरू लागलं आणि तो स्वतःहून फाटकापर्यंत जाऊ लागला.

हे माझ्या एकट्याच्या दवाखान्यातलं नाही. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर पाहिलं गेलं, २००२ साली निष्कर्ष छापून आले. जोडीतल्या एकाला पंचवीस टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य तेरा वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. संधिवाताचे औषधोपचारही कमी खाणाऱ्यांना सुमारे तीन वर्षं उशिरा लागले. इतकं देणारी कोणती पावडर बाहेरच्या स्टॉलवर आहे, मला दाखवा. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला बरा पुरावा आहे, ते जरूर द्या. पण वाटी मोजल्यावर.

“पावसाळ्यात सांधे जास्त दुखतात” असं आपण सगळे सांगतो. थोडं खरं असेल. पण माझा अनुभव विचाराल तर नागपुरातलं जुलैचं लंगडणं मे महिन्यात सुरू होतं. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की फिरणं बंद. कुत्रा दोन महिने कूलरसमोर पडून राहतो, वाटी मात्र तेवढीच भरते. मांडीचे स्नायू वाळतात, पोट वाढतं, आणि पहिल्या सरीनंतर तो बाहेर पडतो तेव्हा सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून एप्रिलमध्येच मालकाला सांगा, अन्न कमी करा आणि पहाटे पाचला फिरवा. नसबंदी झालेल्या कुत्र्याला तर मुळातच कमी लागतं. हे कोण सांगणार? आपणच.

“आमच्या देशी कुत्र्याला संधिवात होत नाही,” असंही ऐकतो. गाडीखाली येऊन पाय वाकडा जुळलेले कुत्रे सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पाहा. त्यांना कुणी टेबलावर आणत नाही, म्हणून आपल्या नोंदीत ते नाहीत.

माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षभरात एवढं व्हावं असं वाटतं: प्रत्येक दवाखान्यात प्लॅटफॉर्म वजनकाटा, केसपेपरवर वजनाचा रकाना, आणि मालकाच्या हाती देण्यासाठी सोप्या मराठीत आहाराचं एक पत्रक. पत्रक कोण लिहील, ते कार्यकारिणीत ठरवू. काटे एकत्र घेतले तर स्वस्त पडतील का, अशी विचारणा सुरू आहे. ज्यांना हवे असतील त्यांनी चहाच्या सुट्टीत सचिवांकडे नाव लिहून द्यावं.